अमेरिकेच्या घटनेत मताचा हक्क कुठे लिहिलाय?

  

मागच्या महिन्यात ऑफिसखालच्या टपरीवर मी एका चहाची पैज हरलो. विषय अमेरिकेतल्या निवडणुकीचा. टीममधला एक जण म्हणाला, त्यांच्या मूळ घटनेत मतदानाचा हक्क कुणाला दिलेलाच नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय! लोकशाहीचे एवढे गोडवे गाणारा देश, आणि हेच लिहायचं राहिलं? फोनवर घटना उघडली. 1787 ची मूळ घटना तशी छोटी आहे, सात कलमं. दादर ते ठाणे जाईपर्यंत वाचून होते. आणि खरंच, तो हक्क त्यात नाही. एवढंच लिहिलंय की राज्याच्या विधिमंडळातल्या मोठ्या सभागृहासाठी जो मत देऊ शकतो, तोच केंद्रातल्या प्रतिनिधीगृहासाठी देऊ शकेल. म्हणजे काय, तर राज्यांनी बघून घ्यावं.

राज्यांनी बघितलं. बहुतेक ठिकाणी मत राहिलं मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांकडे. गंमत म्हणजे न्यू जर्सीत सुरुवातीला मालमत्ता असलेल्या बायकाही मत देत होत्या, पण 1807 मध्ये कायदा करून त्यांचा हक्क काढून घेतला. घटनेत हक्क नसला की असं सहज होतं.

मग घटनादुरुस्त्या आल्या. आता मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला त्यांची भाषा वाचताना एक गोष्ट खटकली. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये पंधरावी दुरुस्ती झाली. ती असं म्हणत नाही की 'प्रत्येक नागरिकाला मत आहे'. ती म्हणते की वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून मत नाकारता येणार नाही. ही सरळ सरळ ब्लॉकलिस्ट झाली! अमुक कारणं बंद. मग यादीत नसलेली कारणं? ती चालू.

दक्षिणेतल्या राज्यांनी नेमकं तेच केलं. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेच घालायचा नाही. मतदानासाठी कर लावायचा. लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा ठेवायची, आणि पास-नापास ठरवणार तिथला गोरा अधिकारी. गरीब, निरक्षर गोरे अडकायला लागले, तर त्यांच्यासाठी मागचं दार. लुईझियानाने 1898 मध्ये नियम केला की तुम्ही, तुमचे वडील किंवा आजोबा 1 जानेवारी 1867 ला मतदार असतील तर तुम्हाला परीक्षा माफ. त्या तारखेला तिथे काळ्या माणसाला मत नव्हतंच. अट बघा किती विचार करून लिहिलीय. त्या राज्यात 1896 मध्ये 1 लाख 30 हजारांच्या वर काळे मतदार नोंदलेले होते. 1904 मध्ये उरले 1,342. दुरुस्तीतला एकही शब्द न बदलता.

बायकांचंही तसंच. मिझुरीच्या व्हर्जिनिया मायनर मतदार म्हणून नोंद करायला गेल्या, नकार मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1875 मध्ये निकाल आला की तुम्ही नागरिक आहात हे मान्य, पण नागरिक असणं म्हणजे मतदार असणं नव्हे. त्यानंतर एकोणिसाव्या दुरुस्तीला 1920 उजाडलं. दुरुस्ती करायची तर संसदेची दोन्ही सभागृहं दोन तृतीयांशाने हवीत, वर तीन चतुर्थांश राज्यं. तेव्हा 48 पैकी 36 लागत होती, आणि छत्तिसावं राज्य होतं टेनेसी. तिथल्या सभागृहात प्रस्ताव बाजूला ठेवण्यावर 48-48 अशी बरोबरी झाली. मग हॅरी बर्न नावाचा 24 वर्षांचा आमदार, जो विरोधकांचं लाल गुलाब लावून बसला होता, त्याने अचानक 'हो' म्हटलं. खिशात आईचं पत्र होतं. आईने लिहिलं होतं, बायकांच्या बाजूने मत दे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सिनेमाची स्क्रिप्टच वाटली. पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना या दुरुस्तीनंतरही तोच कर आणि तीच परीक्षा होती.

त्या करावर 1964 मध्ये चोविसावी दुरुस्ती आली, तीसुद्धा फक्त केंद्रीय निवडणुकांपुरती. राज्यांच्या निवडणुकांतला कर 1966 मध्ये न्यायालयाने काढला. व्हर्जिनियात हा कर दीड डॉलर होता. परीक्षांना खरा दणका बसला तो सेल्मातल्या मोर्चानंतर, 1965 च्या मतदान हक्क कायद्याने. पंधराव्या दुरुस्तीला तोवर 95 वर्षं झाली होती!

तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांची दुरुस्ती सव्विसावी. अठराव्या वर्षी व्हिएतनामला पाठवणार आणि मत मात्र एकविसाव्या वर्षी, यावर पोरं भडकली होती. 1970 मध्ये संसदेने साध्या कायद्याने वय 18 केलं. न्यायालय म्हणालं, केंद्रासाठी ठीक, राज्यांवर हे लादता येणार नाही. म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा राष्ट्राध्यक्ष निवडणार, पण गव्हर्नर नाही. बूथवर दोन-दोन याद्या! त्या सांभाळायच्या कल्पनेनेच राज्यं घाबरली असणार, कारण मार्च 1971 मध्ये निघालेली दुरुस्ती 1 जुलैला मंजूरसुद्धा झाली. एवढ्या लवकर दुसरी कुठलीच झालेली नाही.

आपल्याकडे वय 21 वरून 18 झालं 1989 मध्ये, एकसष्टाव्या दुरुस्तीने. पण आपल्या कलम 326 ची मांडणीच उलटी आहे. नागरिक आहे, वय झालंय, म्हणजे मतदार. कुणाला वगळायचं असेल तर कारण कायद्यात दाखवायचं. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा, 1913 मध्ये, अमेरिकेत तो कर आणि ती परीक्षा दोन्ही चालू होती.

तिथली भोकं अजून बुजलेली नाहीत. चौदाव्या दुरुस्तीत बंडखोरीबरोबर 'किंवा इतर गुन्हा' असे शब्द आहेत. त्यांच्या आधारावर 1974 मध्ये न्यायालयाने मान्य केलं की गुन्हेगारांचं मत राज्यं शिक्षा भोगून झाल्यावरही काढून घेऊ शकतात. आज मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातून मत देतो. काही राज्यांत तोच माणूस सुटून आला तरी त्याला पुन्हा अर्ज करत बसावं लागतं. घटना एक, देश एक, आणि मत आहे की नाही हे पत्त्यावर ठरतं.

इलेक्टोरल कॉलेजबद्दल खूप जणांनी विचारलंय. त्यावर वेगळा एपिसोड करतोय. आणि हो, तो चहा मी पाजलाय, सोबत क्रीमरोलही.