हिमनद्यांचे कर्ज कोणाच्या नावावर?

(शिरड शहापूर येथील व्याख्यानाचा सारांश)

पूर्णेच्या खोऱ्यात हिमनद्यांचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे पावसाने भरतात, बर्फाने नव्हे. मग हिमालयाची चिंता शिरड शहापूरने का वाहावी?

पहिले उत्तर स्वस्त धान्य दुकानात आहे. केंद्राच्या साठ्यात गहू देणाऱ्या राज्यांत पंजाब व हरयाणा अग्रभागी आहेत, आणि त्यांच्या कालव्यांत भाक्रा धरणातून येणारे सतलजचे पाणी काही अंशी हिमालयातील हिम व हिमनद्या वितळूनच मिळते. दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. हवामानातील बिघाडाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न हिमालयात आणि मराठवाड्यात एकच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे हिमनद्या संवर्धनाचे वर्ष म्हणून पाळले आणि त्या वर्षापासून 21 मार्च हा हिमनद्यांचा दिवस ठरविला. परंतु हिमनदी म्हणजे गावची पडकी वेस नव्हे, की निधी मिळाला आणि डागडुजी झाली. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राच्या 2019 च्या अहवालानुसार, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीस हिंदुकुश-हिमालयातील एक तृतीयांश बर्फ नष्ट होईल. उत्सर्जन तसेच चालू राहिले तर दोन तृतीयांश. उरलेला बर्फ वाचविण्याचा खरा मार्ग एकच: कोळसा, तेल व वायू यांचा धूर कमी करणे. बाकीचा पैसा संवर्धनाचा नसून बचावाचा आहे. तोही आवश्यक आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि तिस्तेवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. त्यानंतर 2024 मध्ये केंद्र सरकारने हिमालयातील चार राज्यांसाठी अशा सरोवरांचा धोका कमी करण्याकरिता 150 कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. धोक्याचा विस्तार पाहता ही रक्कम तुटपुंजी आहे.

आता आंतरराष्ट्रीय मदतीचा हिशेब पाहू. श्रीमंत राष्ट्रांनी 2009 मध्ये कोपनहेगन येथे, 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे ते 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, पूर्ण झाले. आणि त्यातील सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा होता. 2024 मध्ये बाकू येथे विकसनशील राष्ट्रांची गरज 1,300 अब्ज डॉलरची असताना 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांचे लक्ष्य ठरले. भारताच्या प्रतिनिधीने त्यास तेथेच हरकत घेतली. अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, भारतीय सुमारे दोन टन. ज्याने गावाला आग लावली त्यानेच जळितग्रस्ताला घर बांधण्यासाठी उसने पैसे द्यावेत आणि त्यालाच दानशूर म्हणवून घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

हिंगोलीला हा व्यवहार अपरिचित नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी 2018 मध्ये जागतिक बँकेने सुमारे 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत हिंगोली आहे. शेततळे, ठिबक, फळबाग या कामांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या तापमानवाढीत नगण्य वाटा आहे, त्याच्या संरक्षणाचा खर्च कर्जाने भागवावा आणि परतफेड येथील करदात्यांनी करावी, हे न्याय्य कसे?

श्रीमंत राष्ट्रांकडे बोट दाखवून आपल्या राज्यकर्त्यांना मात्र सुटता येणार नाही. डोंगर पोखरून रुंद केलेले रस्ते आणि नदीमागून नदीवर बांधलेले वीजप्रकल्प यांनी हिमालयाचे दुखणे वाढविले आहे. देशातही धूर सोडणारे वेगळे आणि तहानेने मरणारे वेगळे आहेत. शेजाऱ्यांशी सहकार्याचीही तीच अवस्था. काठमांडूच्या केंद्रात भारत, चीन, पाकिस्तानसह आठ देश 1983 पासून एकत्र आहेत. पण 1960 चा सिंधू करार भारताने एप्रिल 2025 मध्ये स्थगित केला. त्या कराराने नद्या वाटल्या, मात्र त्यांना पाणी पुरविणाऱ्या बर्फाच्या रक्षणाची तरतूद त्यात कधीच नव्हती.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. हवामानाचा निधी अनुदान म्हणून मिळावा, कर्ज म्हणून नव्हे. हिमनद्यांची मोजमापे सर्व शेजारी देशांनी परस्परांना खुली करावीत. आणि जो पैसा येईल त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे, मराठीत, वाचला जावा. पहिल्या दोन मागण्यांसाठी जगाशी भांडावे लागेल. तिसरी शिरड शहापूरच्या येत्या ग्रामसभेतच मांडता येईल.