हाताची खाज आणि हातातले काम



आम्ही डॉक्टर नव्हे. जे शिकलो ते कामगारांत वावरून आणि पदरमोड करून घेतलेली पुस्तके वाचून. आमच्यातला एक गवंडी तीन वर्षे हात फडक्यात गुंडाळून कामावर येई. सिमेंट कालवून हातांना भेगा पडलेल्या, खाजेने झोप नाही. "एकदा रक्त तपासून घेतो," असे तो म्हणे. पण त्या रक्ततपासणीत त्याचे दुखणे सापडणारे नव्हते.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली दिला. बहुतेकांना न बाधणाऱ्या पदार्थाशी एखाद्याचे शरीर शत्रू समजून झुंजते, हा त्याचा आजचा अर्थ. ही झुंज दोन तऱ्हांची. बेकरीतल्या कामगाराला पिठाने शिंका येतात, दमा लागतो. ती तत्काळ उठते. तिच्यासाठी त्वचेवर सुईने टोचून पाहतात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. गवंड्याचा इसब सावकाश उठतो. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात आणि पुढेही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. सिमेंटमधल्या क्रोमियमची बाधा अशीच कळते.

मग चाचणी केव्हा करावी? आधी वही घालावी. त्रास केव्हा होतो? सुटीत उतरतो का? कामावर परतताच वाढतो का? संशय ठरला की डॉक्टरांनी सांगितलेली नेमकी चाचणी करावी. सरसकट पन्नास पदार्थ तपासले, तर न बाधणारेही त्यात निघतात आणि माणूस दूध-अंडे उगाच सोडतो. मात्र औषधाने, दंशाने वा खाण्याने जीभ सुजली, श्वास कोंडला, तर तडक इस्पितळ गाठावे. बरे झाल्यावर तपासणी टाळू नये.

आमचा गवंडी चाचणीला भीत होता. निकाल कळला तर मुकादम "उद्यापासून येऊ नकोस" म्हणेल, हे त्याचे भय. ते खोटे नव्हते. पण डेन्मार्कात 1981 पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून त्यातले विद्राव्य क्रोमियम घटवले गेले, आणि बांधकाम कामगारांतले हे दुखणे तेथे कमी झाले. 2005 पासून युरोपीय संघानेही तशी मर्यादा घातली. तेथे माणूस बदलला नाही, सिमेंट बदलले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की चाचणीचा कागद एकट्याने खिशात दडवू नका. तो घेऊन चौघांनी मिळून ठेकेदाराकडे जा, आणि हातमोजे, धुण्यास पाणी व बदलीचे काम मागा.