मुळाची डागडुजी : रूट कॅनाल उपचारानंतरचा दात

(पुण्याच्या नारायण पेठेतील नागरिकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दात ठणकू लागला की माणूस दंतवैद्याचा जिना चढतो. ठणका थांबला की तो जिना विसरतो. रूट कॅनाल उपचाराच्या बाबतीत हा विसर फार महागात पडतो. दाताचा सडलेला मगज काढून, मुळातील नलिका स्वच्छ करून त्या गट्टापर्चाने भरल्या की वेदना शमते. परंतु तेवढ्याने दात वाचला असे म्हणता येत नाही. पोखरलेला दात पुन्हा चर्वणाचा भार सोसण्याजोगा करणे हा उपचाराचा उत्तरार्ध होय. पुष्कळदा नेमका तोच राहून जातो आणि एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने दात उभा चिरतो. ही चीर मुळात उतरली म्हणजे बहुधा दात काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दात दुबळा का होतो?

मगज गेल्यामुळे दात वाळून ठिसूळ होतो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९८९ साली रीह, मेसर व डग्लस या संशोधकांनी उपदाढांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष निराळे निघाले. केवळ रूट कॅनाल उपचाराने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के घटला; मात्र पुढची व मागची अशा दोन्ही कडा कोरल्या गेलेल्या दातात ही घट ६३ टक्क्यांपर्यंत गेली. तात्पर्य, दात दुबळा होतो तो मुख्यतः कीड आणि कोरकाम यांनी त्याच्या भिंती नष्ट झाल्यामुळे.

नारायण पेठेतील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सहज उमजेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा कित्येक जुने वाडे पडले. वरचे मजले धडधाकट असले तरी तळाची भिंत विरल्यावर वाडा उभा राहत नाही. दाताचेही तसेच आहे.

खुंटी आणि कडे

दाताचा वरचा भाग फारच थोडा उरला असेल, तर मुळाच्या नलिकेत खुंटी बसवून तिच्या आधाराने वरची बांधणी करतात. दंतवैद्य तिला पोस्ट म्हणतात. खुंटीने मूळ बळकट होते, हा गैरसमज आहे. खुंटी केवळ वरच्या बांधणीला धरून ठेवते. जाड खुंटीसाठी नलिका अधिक कोरली, तर मूळ उलट पातळ होते. म्हणून मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिलिमीटर गट्टापर्चा राखून आवश्यक तेवढीच जागा करावी, असा दंडक आहे. पातळ भिंतींच्या मुळात पोलादाची ताठ खुंटी पाचरीसारखी वागू शकते. काचतंतूंची खुंटी दाताच्या घटकाइतपत लवचीक असते. ती राळयुक्त सिमेंटने चिकटवली असता अतिभाराने बहुधा खुंटी सुटते, मूळ फुटत नाही. आणि सुटलेली खुंटी पुन्हा बसवता येते.

खरे संरक्षण टोपीच्या कड्याने मिळते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी बांधून ठेवते, तशी टोपीची कड हिरडीवरील निरोगी दाताला चहूबाजूंनी वेढते. त्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा मूळचा दात शिल्लक असावा लागतो. तो नसेल तर हिरडीची लहान शस्त्रक्रिया करून किंवा तारेने दात थोडा वर ओढून ती उंची मिळवता येते. तेही शक्य नसल्यास दात राखण्याचा हट्ट धरू नये.

टोपी किती मोलाची, हे अ‍ॅक्विलिनो व कॅपलान यांच्या २००२ सालच्या अभ्यासातून दिसते. रूट कॅनाल झालेल्या दातांपैकी टोपी न घातलेले दात, टोपी घातलेल्या दातांच्या सहापट प्रमाणात गमवावे लागले. विशेषतः दाढा व उपदाढा यांना टोपी हवीच. बहुतांशी शाबूत असलेल्या पुढच्या दाताला मात्र साधे भरणही पुरते.

शाळा आणि ग्रामपंचायत

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वरचे पुढचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. त्यांच्या मुळांची वाढ पुरी होण्यास आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. या काळात मूल मैदानावर पडून दाताचा मगज मेला, तर मूळ पातळ व टोकाशी उघडेच राहते. पूर्वी अशा मुळात चुन्याचे औषध महिनोन्‌महिने ठेवीत. त्यानेही मूळ ठिसूळ होते, असे पुढे आढळले. १९९० नंतर एमटीए नावाचे सिमेंट आले आणि उघडे टोक थोडक्या भेटींत बंद करता येऊ लागले. म्हणून शिक्षकांनी "दात दुखत नाही ना?" एवढे विचारून न थांबता मुलाला त्याच दिवशी दंतवैद्याकडे धाडावे.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पुण्यातही दंत महाविद्यालये आहेत. तेथे हे उपचार होतात. दंततपासणीचे शिबिर भरविणाऱ्या ग्रामपंचायतीने किती जणांचा ठणका थांबला, याबरोबरच किती जणांच्या दातांवर पुढे टोपी बसली, याचीही नोंद ठेवावी. ज्याच्या नावापुढे ती नोंद नाही, त्याला पुन्हा निरोप धाडावा. वेदना थांबवणे हे निम्मे काम आहे; उरलेले निम्मे पार पडले, तरच दात पुढील अनेक वर्षे घास चावील.