आधी हात, मग आभार



नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणून पाळला जातो. भोपाळच्या मराठी घरांतली मुलं-नातवंडं आता न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात असतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळते, चार घरं एकत्र जमतात, प्रत्येक जण एकेक पदार्थ घेऊन येतो आणि त्याचे फोटो इकडे चार इमलीत, अरेरा कॉलनीत आजी-आजोबांच्या मोबाइलवर येऊन पडतात. मग प्रश्न निघतो : आपल्याकडे असा आभाराचा दिवस आहे का? यावर ‘आपले सगळेच सण आभाराचे’ असं ठरलेलं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण त्याने कुणावर काही बंधन पडत नाही. मी आज एकच सण पुढे करणार आहे, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगी, आणि तिला जोडून येणारे हलव्याचे दागिने. माझं म्हणणं एवढंच, की आभार मानायचे तर ते कशाबद्दल हे आधी कळावं लागतं, आणि ते स्वतःचे हात कामाला लावल्याशिवाय फारसं कळत नाही.

अमेरिकेच्या त्या सणाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. 1621 साली प्लिमथच्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी पहिलं पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. तिथले मूळचे वाम्पानोआग लोक तिला हजर होते आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली, अशी नोंद त्या वेळच्या एका पत्रात आहे. त्या मातीत मका कसा लावायचा, हे वसाहतकऱ्यांना तिस्क्वांटम नावाच्या स्थानिक माणसाने शिकवलं होतं. पुढे सारा जोसेफा हेल या मासिकाच्या संपादिकेने या दिवसासाठी वर्षानुवर्षं लेखणी झिजवली. 1863 साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी देशभर हा दिवस पाळण्याची घोषणा केली, आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो 1941 मध्ये. मात्र ज्यांनी मका लावायला शिकवलं त्यांच्या जमिनी पुढे गेल्या, आणि 1970 पासून त्याच प्लिमथमध्ये मूळ रहिवाशांचे वंशज याच दिवशी शोकदिन पाळतात. यातून मला दोन गोष्टी दिसतात. चार घरांनी आपापल्या हातचं रांधून एका टेबलावर आणावं, ही रीत घेण्यासारखी आहे. आणि ज्याने दिलं त्याचा विसर पडला, तर ताट कितीही भरलेलं असो, आभार पोकळ ठरतात.

आता भोपाळकडे येऊ. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. मध्य भारत राज्याचा कारभार ग्वाल्हेर-इंदूरहून चालत होता. फायली इकडे आल्या तशी माणसंही आली, आणि त्यांत मराठी कुटुंबं पुष्कळ होती. नागपूरचा तिखट हात, ग्वाल्हेरचा आणि इंदूरचा संस्थानी हात, असे वेगवेगळे स्वयंपाक एका गावात शेजारी आले. चार इमली ही तर सरकारी बंगल्यांची वस्ती. घर सरकारचं, बदलीचा हुकूम आला की सोडायचं. इथल्या माणसाला शेत नाही, पगार आहे. म्हणून कुणी म्हणेल, सुगीचा सण शेतकऱ्याने करावा, पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय? मला हे उलट वाटतं. शेतकऱ्याला बाजरी कुठून येते हे सांगायला सण लागत नाही. तो लागतो आपल्याला, ज्यांचा शेताशी संबंध बिट्टन मार्केटच्या हाटापाशी संपतो.

भोगीचं ताट हा संबंध पुन्हा जोडून देतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि ती मिसळीची भाजी : वांगी, गाजर, ओल्या हरभऱ्याचे दाणे, घेवडा, पावटा, शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, वरून तिळाचं कूट. पावटा मिळाला नाही तर मटार. भोपाळात हे ताट मांडलं, की अख्खा मध्य प्रदेश त्यात दिसतो. बाजरी मुरेना-भिंडची, तीळ बुंदेलखंडातल्या छतरपूर-टिकमगडचे, गूळ नरसिंहपूर जिल्ह्यातल्या करेलीचा, मटार जबलपूरकडचा. हरभऱ्यात तर हे राज्य देशात आघाडीवर आहे. संक्रांतीच्या सुगडात घालायच्या गव्हाच्या ओंब्या सिहोर-विदिशाकडच्या, जिथला शरबती गहू नावाजलेला आहे. आणखी एक गोष्ट नीट पाहिली तरच ध्यानात येते. भाकरी आणि तीळ खरिपाचे, म्हणजे घरात येऊन पडलेलं पीक. हरभरा, मटार, गाजर रब्बीचे, अजून शेतात उभे. मिळालेलं आणि मिळणार असलेलं एका ताटात वाढणारा हा सण आहे. हे ताट तयार मागवलं तर चव मिळेल, पण यातलं काही कळणार नाही. ओला हरभरा सोलायला बसलं, की वाटीभर दाण्यांसाठी केवढा पसारा होतो आणि घाट्यांच्या आंबीने बोटं कशी चरचरतात, हे समजतं. मग भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना जीभ थोडी अडखळते. आभाराची सुरुवात मी तिथे मानतो.

हलव्याची गोष्ट याहून कठीण. जाड बुडाच्या परातीत तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवायची, साखरेचा पातळ पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली की साखर पिवळी पडते. तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस हे चालतं, तेव्हा दाण्यावर काटा उभा राहतो. कोरडी थंडी त्याला मानवते, ढगाळ दमट हवेत काटा धरत नाही. भोपाळची जानेवारीतली कडक थंडी या कामाला चांगली. पुढचं काम कारागिरीचं. दाणा सुईने टोचला तर फुटतो, म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवून गुंफत जायचं. असे हार, बाजूबंद, बिंदी, मुकुट होतात, ते नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर आणि बाळाच्या बोरन्हाणाला काळ्या झबल्यावर घालतात. त्यात ना सोनं, ना मोती, आणि ते कायम टिकतही नाहीत. तरीही हे दागिने मौल्यवान वाटतात, कारण त्यांची किंमत वेळेत मोजलेली असते. घरात आलेल्या सुनेसाठी, जन्मलेल्या बाळासाठी कुणीतरी आपले इतके तास खर्च केले, हे अंगावर घालून दाखवण्याची ही रीत आहे.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो, तो बायकांचा. सण सगळ्यांचा आणि राबणं तिचं, हे किती दिवस चालायचं? नोकरी करून आलेल्या बाईने रात्री परातीपुढे बसावं, आणि बाकीच्यांनी काटा छान आला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, याला मी आभार म्हणणार नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. काम एकीवर पडतं म्हणून ते कामच टाकून देणं हा एक उपाय. ते वाटून घेणं हा दुसरा. हरभरा सोलायला, गाजरं चिरायला, दोरा धरून दाणे गुंफायला स्त्रीचाच हात लागतो असं पाकशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. माझा युक्तिवाद खरा असेल, तर हाताने केल्याशिवाय कळत नाही हा नियम घरातल्या पुरुषांना आणि मुलांना अधिक लागू आहे, कारण न कळण्याची सवय त्यांनाच जास्त. हेच हळदीकुंकवाचं. विधवेला वगळून वाटलेलं वाण ही कृतज्ञता होत नाही. संक्रांतीला घरी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिळगूळ आणि वाण देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडतो आहे, तो चांगलाच आहे.

दुसरा आक्षेप खास चार इमलीसारख्या वस्तीचा आहे. बंगल्यात स्वयंपाकी असतो, माळी असतो, मागच्या बाजूला त्यांच्या खोल्या असतात. इथे ‘घरी केलेलं’ म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या हाताने केलेलं. मग हाताने करण्याचा हा आग्रह म्हणजे नोकरांच्या कामात आणखी एक भर, असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं नाही. म्हणूनच भोगीची वाट उलटी असावी. त्या दिवशी स्वयंपाक घरच्यांनी करावा, स्वयंपाक्याने सुट्टी घ्यावी आणि पहिलं ताट त्याच्या घरी जावं. वर्षभर ज्याच्या हातचं खाल्लं त्याला एक दिवस आपल्या हातचं वाढलं, तर प्लिमथच्या मेजवानीत पुढे जे हरवलं ते इथे हरवणार नाही. आभार आकाशाकडे पाहून मानणं सोपं असतं; मागच्या दारापर्यंत चालत जाऊन मानणं जरा जड जातं.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा. तिळाच्या वड्या, गुळपोळ्या, हलव्याचे दागिने विकून कित्येक बायका घर चालवतात. सगळ्यांनी सगळं घरीच केलं तर त्यांनी काय करायचं? शिवाय वेळ कुणाकडे आहे? दोन्ही मुद्दे रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तर एकच. सगळं घरी करायची गरज नाही. गुळपोळ्या विकत आणाव्यात, दागिनेही आणावेत. घरात एकच गोष्ट अशी ठेवावी, जी सगळ्यांनी मिळून, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केली. एकदा स्वतः वाटीभर हलवा करून पाहिलेला माणूस दागिने विकणारीला ‘एवढे महाग?’ असं विचारणार नाही. म्हणजे घरचं काम तिच्या धंद्याच्या आड येत नाही, उलट तिला योग्य दाम मिळवून देतं. वाणाचंही तेच. दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा घरातल्या जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या वाटल्या, तर मुलांना शिवणयंत्राची ओळख होईल आणि त्या घेणारीच्या उपयोगीही पडतील.

शेवटचा आक्षेप असा, की भावना खरी असेल तर एवढा खटाटोप कशाला. मनापासून दोन शब्द बोलले की पुरे. पण शब्द आपण तिळगुळाबरोबर दरवर्षी वाटतोच, आणि गोड बोलायचं आश्वासन रथसप्तमीपर्यंतही टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सवय टिकते. बदलीच्या नोकरीत घर, अंगण, शेजार सगळं मागे राहतं. चार इमलीतला बंगला उद्या दुसऱ्याच्या नावावर चढतो. मुलं परदेशी जातात, तिथे संक्रांतीला सुट्टी नसते, म्हणून जवळच्या शनिवार-रविवारी सण उरकतात. या सगळ्या हलवाहलवीत सोबत नेता येतं ते हातात मुरलेलं काम. म्हणून यंदाच्या भोगीला एवढं करून पाहा : भाजी घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडा आणि चिरा, ताटातला एकेक जिन्नस कुठून आला ते मुलांना विचारा, आणि जेवायला बसण्याआधी एक ताट अशा माणसाकडे पोचवा, ज्याच्या कष्टांवर तुमचं वर्ष सुखाचं गेलं. यातलं काहीच अवघड नाही, खर्चिक तर मुळीच नाही. आणि हे केल्यावर आभाराचा वेगळा दिवस शोधत अमेरिकेपर्यंत जावं लागणार नाही.