अपघातग्रस्ताचा वकील



रस्त्यावर अपघात घडतो, घरातील कर्ता माणूस दगावतो किंवा कायमचा अंथरुणाला खिळतो, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांजवळ दोन-तीन दिवसांतच एक अनोळखी गृहस्थ येतो. तो सहानुभूतीने बोलतो, वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घेतो आणि सांगतो, "आता काही देऊ नका, भरपाई मिळाली की वीस टक्के द्या." त्या घटकेला घरात विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसते. सल्ला विचारायचा तो गावातील गुरुजींना, सरपंचांना, नाहीतर ग्रामसेवकांना. म्हणून वकिलाची निवड हा विषय जितका त्या कुटुंबाचा, तितकाच या सभेत बसलेल्या मंडळींचाही आहे.

प्रथम त्या वीस टक्क्यांविषयी. दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे अमेरिकेत सर्रास चालते. भारतात मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी ते वकिलास वर्ज्य केलेले आहे. दलालामार्फत पक्षकार मिळविणेही तितकेच निषिद्ध आहे. तेव्हा जो वकील दलालाच्या वाटेने दाराशी येतो, त्याने पहिल्याच पावलाला आपल्या व्यवसायाचा नियम मोडलेला असतो. फी ठरावीक असावी, टप्प्याटप्प्याने द्यावयाची असल्यास तसे कागदावर लिहून घ्यावे, आणि प्रत्येक रकमेची पावती मागण्यात संकोच करू नये. कोऱ्या कागदावरील सही ही तर कोणत्याही सबबीवर देऊ नये.

परंतु फीपेक्षाही मोठे नुकसान दुसऱ्याच ठिकाणी होते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई कशी मोजली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निर्णयांत निश्चित करून दिले आहे. उदाहरणादाखल ३४ वर्षांचा एक गवंडी घेऊ. त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई, असे चार अवलंबित. त्याची मासिक कमाई १५,००० रुपये सिद्ध झाली, तर भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवून ती २१,००० धरली जाते. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा होतो. उरलेल्या १५,७५० रुपयांचे वर्षाचे १,८९,००० होतात, आणि या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने ही रक्कम ३०,२४,००० रुपयांवर जाते. आता कमाईचा पुरावाच पुढे आला नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने ९,००० रुपये धरले, तर हाच हिशेब १८,१४,४०० वर थांबतो. माणूस तोच, अपघात तोच. पण १२ लाखांहून अधिक रकमेचा फरक पडला तो ठेकेदाराची हजेरी-वही, बँकेचे पासबुक आणि एखादा साक्षीदार वेळेवर हजर न केल्यामुळे.

म्हणूनच चांगल्या वकिलाची खूण त्याच्या कार्यालयातील पुस्तकांच्या कपाटावरून पटत नाही; तो पहिल्या भेटीत काय विचारतो, यावरून पटते. फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाच्या विम्याची व चालकाच्या परवान्याची माहिती ही कागदपत्रे तो मागतोच. त्यापुढे जाऊन तो कमाईविषयी खोदून विचारतो: दूध कोणत्या संस्थेला जात होते, जनावरे किती, शिवणयंत्र कोण चालवीत होते. गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले असताना 'बाई काही कमवीत नव्हत्या' असे म्हणून वही मिटणारा वकील त्या दाव्यासाठी योग्य नव्हे. जखमीच्या बाबतीत तर अधिकच बारकावा लागतो. हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपते, तोच हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखल्यावरील टक्के सारखेच असले तरी २०१० च्या राजकुमार प्रकरणानुसार भरपाई सारखी नसते. यासाठी डॉक्टरांची साक्ष घ्यावी लागते. 'डॉक्टरांना साक्षीला बोलावणार काय?' हा एकच प्रश्न विचारून पाहावा.

अपघात नोकरीच्या कामावर असताना झाला असेल, तर मोटार वाहन कायदा आणि कर्मचाऱ्यांच्या भरपाईविषयीची कायद्यातील तरतूद यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. कोणता, हेही वकिलाने आकडे मांडून सांगावयास हवे.

२०२२ पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि पुढील सविस्तर अहवाल हाच दाव्याचा अर्ज मानता येतो. त्यामुळे आता वकील कशाला, असा समज काही ठिकाणी झाला आहे. तो बरोबर नाही. गवंड्याच्या हजेरीची वही पोलीस शोधीत बसणार नाहीत. शिवाय दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि त्या भरवशावर राहण्यापेक्षा अर्ज मुदतीतच करावा. तो अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असेही नाही, दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. मुंबई-पुण्याकडे अपघात झाला म्हणून तेथील वकील गाठण्याचे कारण नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळण्याची योजना आहे. तिचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करावयाचा असून त्यासाठी वकिलाचीही आवश्यकता नाही.

लोक अदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. प्रकरण लवकर मिटते ही मोठी सोय खरी, पण सही करण्यापूर्वी वकिलाकडून वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडून घ्यावा आणि देऊ केलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी. वकील कामच करीत नसेल तर तो बदलता येतो. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे.

आणि फी देण्याची ऐपतच नसेल तर? महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अपघातात पती गमावलेली प्रत्येक स्त्री यात येते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यावयाचा. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहून ठेवण्यास खडूशिवाय काही लागत नाही.