अपयशाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहे. वाटसरूंना लुटून कुटुंब पोसणाऱ्या वाल्याला नारदांनी एकच प्रश्न विचारला. ज्यांच्यासाठी तू हे पाप करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला, बायकामुलांना विचारू लागला आणि प्रत्येकाने कानांवर हात ठेवले. आणलेल्या धनात वाटा सर्वांचा, पापाचा धनी मात्र एकटा वाल्या!

ही कथा नामाचा महिमा सांगण्यासाठी सांगितली जाते. परंतु तिच्यात व्यवहाराचेही एक मर्म आहे. जेथे चार माणसे मिळून काम करतात, तेथे यशाच्या पंगतीला पाने कमी पडतात. पंगत मोडल्यावर उष्टी काढावयास मात्र कोणी उभे राहत नाही. अशा वेळी जो प्रमुख असतो, त्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर बंगळूर शहरातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने दिले. ते त्याने ग्रंथ लिहून दिले नाही, आपल्या वागण्याने दिले. त्या शास्त्रज्ञाचे नाव सतीश धवन.

धवन यांचा जन्म १९२० साली श्रीनगर येथे झाला. लाहोरला शिकत असताना त्यांनी गणित व पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, इंग्रजी वाङ्मयाची एम. ए. केली आणि पुढे यांत्रिक अभियांत्रिकीचीही पदवी मिळविली. अमेरिकेत वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट संपादन करून १९५१ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. या संस्थेला तेथील जुने लोक अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. अवघ्या अकरा वर्षांत, १९६२ साली, ते तिचे संचालक झाले आणि जवळजवळ वीस वर्षे त्या पदावर राहिले.

माणसे पारखण्याची त्यांची रीत या संस्थेत दिसून येते. संस्था मूळची भौतिक शास्त्रांची आणि अभियांत्रिकीची. तेथे रानावनांचा आणि प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्याचे काय काम, असे कोणालाही वाटावे. परंतु हार्वर्ड विद्यापीठातून परतलेल्या माधव गाडगीळ व सुलोचना गाडगीळ या पुण्याच्या तरुण दांपत्याला १९७३ साली याच संस्थेत जागा मिळाली. एकाने परिसरशास्त्राचा पाया घातला, दुसरीने मोसमी पावसाच्या गणिताचा पाठपुरावा केला. खेड्यांच्या गरजांसाठी विज्ञान कसे वापरावे, याचा विचार करणारा अमूल्य रेड्डी यांचा ‘अस्त्र’ हा उपक्रमही १९७४ साली तेथेच सुरू झाला. जे आपल्या विषयात बसत नाही ते त्याज्य, असे न मानणारा संचालक असल्यावाचून हे घडत नाही.

१९७१ च्या डिसेंबरअखेर विक्रम साराभाई यांचे आकस्मिक निधन झाले. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची धुरा धवन यांनी घ्यावी, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या मनात होते. धवन तेव्हा अमेरिकेत अध्यापन करीत होते. त्यांनी होकार दिला, परंतु दोन गोष्टी आधीच मोकळेपणाने सांगितल्या. विज्ञान संस्थेचे संचालकपद आपण सोडणार नाही आणि अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळूरला असावे. मोठ्या पदाचे आमंत्रण आले म्हणजे मनातले मनात ठेवण्याचाच प्रघात आहे. धवन यांनी तो पाळला नाही. अटी मान्य झाल्या आणि १९७२ साली ते अंतराळ आयोगाचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या कारकीर्दीतील कठीण परीक्षेचा दिवस १० ऑगस्ट १९७९ हा होय. त्या दिवशी सकाळी श्रीहरिकोटा येथून एस. एल. व्ही. ३ हे भारताचे पहिले उपग्रहवाहक यान प्रथमच उडावयाचे होते. यान चार टप्प्यांचे, सुमारे सतरा टन वजनाचे. त्याच्या चारही टप्प्यांत घन इंधन होते आणि भारतात असे इंधन घडविण्यात वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाला काही मिनिटे उरली असता संगणकाने इशारा देऊन उलटगणती थांबविली. नियंत्रणासाठी लागणारे द्रव्य गळत असले तरी पुरेसे शिल्लक आहे, असे जाणकारांनी सांगितले. कलामांनी संगणकाचा इशारा बाजूला सारला आणि उड्डाण करविले. पहिला टप्पा बिनचूक चालला; दुसऱ्या टप्प्यात यानाचा तोल गेला आणि पाचेक मिनिटांत कित्येक वर्षांचे श्रम बंगालच्या उपसागरात बुडाले.

पुढची हकीकत कलामांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पत्रकार जमले होते. प्रश्न अवघड होते, टीका बोचरी होती. कलामांना वार्ताहरांपुढे उभे न करता धवन स्वतः गेले. हे अपयश आमचे आहे, परंतु माझ्या सहकाऱ्यांवर माझा भरवसा आहे आणि वर्षभरात ते यशस्वी होतील, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या यानाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. पुन्हा वार्ताहर जमले. या वेळी धवन मागे राहिले आणि त्यांनी कलामांना पुढे केले.

ही गोष्ट आता पुष्कळांच्या तोंडी आहे; आणि पुष्कळांच्या तोंडी गेलेल्या गोष्टीचे होते तेच तिचेही झाले आहे. तिच्यातला गोडवा उरला, कठीण भाग गळून पडला. जो सहकारी सर्वस्वी निर्दोष आहे त्याची पाठराखण करणे सोपे असते. येथे तसे नव्हते. इशारा डावलण्याचा निर्णय कलामांचा होता आणि तो चुकला होता. तो चुकला हे धवनांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांच्या औदार्याला मोल आहे.

या औदार्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. धवनांनी बाहेरच्यांपुढे ढाल धरली, परंतु घरात सत्यावर पांघरूण घातले नाही. उड्डाणानंतर रीतसर चौकशी झाली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील आम्लाची गळती हे कारण शोधून काढण्यात आले. भरल्या बैठकीत कलामांनी उभे राहून जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. जेथे चूक सांगितली की शिक्षाच होणार, तेथे माणसे चूक लपवितात. आणि लपलेली चूक पुढच्या यानालाही बुडविते. चूक कबूल करणारा सुरक्षित आहे, हे जेथे सर्वांना दिसते, तेथेच खरे कारण सापडते. धवनांची दया म्हणजे दुबळेपणा नव्हता. सत्य बाहेर पडण्यासाठी लागणारी ती मोकळी हवा होती.

कोणी म्हणेल, अपयश पचविण्याची ऐपत सर्वांनाच कोठून यावी? आक्षेप खरा आहे. ती ऐपत पदाने येत नाही. आपल्याला कोठे जावयाचे आहे हे ज्याला स्वच्छ दिसते, त्यालाच ती लाभते. धवनांच्या नजरेपुढे एक यान नव्हते. आपला देश आपल्या बळावर उपग्रह सोडील आणि त्यांचा उपयोग शेतकऱ्याला, कोळ्याला, खेड्यातल्या शाळेला होईल, असा दूरवरचा प्रवास त्यांना दिसत होता. १९७५–७६ साली उपग्रहाद्वारे सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग त्यांच्याच काळात झाला आणि त्याची व्यवस्था कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी पाहिली. ज्याची नजर इतकी लांब असते, त्याला एका ठेचेपायी सोबत्याला वाटेत टाकून द्यावेसे वाटत नाही.

१९८४ साली धवन अंतराळ आयोगातून निवृत्त झाले. श्रीहरिकोट्याच्या शेजारी पुलिकत नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथे येणाऱ्या पक्ष्यांकडे ते कुतूहलाने पाहत. पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. ३ जानेवारी २००२ रोजी बंगळूर येथे ते निवर्तले आणि त्याच वर्षी श्रीहरिकोट्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रत्येकाच्या हाती अंतराळयान नसते. परंतु एखादी शाळा, एखादी सोसायटी, एखादे दुकान, निदान एक घर असतेच. तेथेही दूध उतू जाते, हिशेब चुकतो, मुलगा नापास होतो. अशा दिवशी तो वाल्याचाच प्रश्न पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो: या अपयशात वाटेकरी कोण? कानांवर हात न ठेवता जो ‘मी’ म्हणतो, त्या घरातला वडीलधारा तोच. मग वयाने तो धाकटा का असेना.