दोन बोलींचा संसार

लग्न जुळवितांना आपल्याकडे पुष्कळ गोष्टी पाहण्यांत येतात. घराणें पाहतात, शिक्षण पाहतात, मिळकत पाहतात. ज्यांची श्रद्धा असेल ते पत्रिकाहि पाहतात. अलीकडे तर मुलगा व मुलगी आधीं एकमेकांना भेटतात, महिनोन्‌महिने मोबाइलवर बोलतात आणि मगच घरच्यांच्या कानांवर गोष्ट घालतात. परंतु या साऱ्या चौकशींत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो म्हणजे दोघांच्या बोलीचा. दोघेंहि मराठी आहेत एवढें कळलें कीं तो प्रश्न सुटला, असें आपण समजतों. खरें म्हणजे पुष्कळदां तो तेथूनच सुरू होतो. आज याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि उदाहरणासाठीं मी महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील गोंदिया जिल्हा घेतला आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशांतील बालाघाट आहे आणि पूर्वेस छत्तीसगड. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा भाताचा आणि तळ्यांचा मुलूख पूर्वीं मध्यप्रांतांत होता. १९५६ सालच्या नोव्हेंबरांत तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याआधीं जवळजवळ शंभर वर्षें येथील कारभार मराठी व हिंदी या दोन भाषांच्या छायेंत चालला. रेल्वेनें गोंदियाचें मोठें जंक्शन केलें, तांदळाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि बाजारांत हिंदीचा वापर वाढला. घरोघरीं मात्र झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी अशा अनेक बोली नांदत आल्या आहेत. येथील एखादी मुलगी आजीशीं पोवारी बोलते, दुकानांत हिंदी बोलते, मैत्रिणींशीं झाडीबोलींत गप्पा मारते आणि शाळेंत पुस्तकी मराठी शिकते. ती पुण्यास नोकरीला गेल्यावर तिचें मराठी बिघडलेलें आहे असें जो म्हणतो, त्याला स्वतःला एकच बोली येत असते आणि तिला चार, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

पुण्यांत वाढलेला एक तरुण आणि गोंदियाकडील एक तरुणी यांचा परिचय झाला आहे असें आपण समजूं. नांवांची आवश्यकता नाहीं. अशीं जोडपीं आतां थोडीं नाहींत. तो विचारतो, "रविवारीं भेटायचें का?" ती म्हणते, "हाव." विदर्भांत हा साधा, मनमोकळा होकार आहे. पुण्याच्या कानाला मात्र हाव म्हणजे लोभ. पुढें कधीं ती त्याला बाजारांतून सांबार आणावयास सांगते. तो बिचारा इडलीबरोबर खातात ती आमटी डब्यांत भरून घेऊन येतो. तिला हवी होती कोथिंबीर. आईनें आज पोपट शिजविला आहे असें ती सांगते, तेव्हां त्याच्या अंगावर कांटा येतो. हा पोपट म्हणजे वालाच्या जातीचें एक कडधान्य आहे, आणि पूर्व विदर्भांत त्याच्या शेंगांची भाजी आवडीनें खातात. बाबा बंडी घेऊन शेतावर गेले आहेत, असें ती म्हणते. अंगांत घालावयाची बंडी हातांत घेऊन हे गृहस्थ शेतावर कशाला गेले, हें त्याला उमगत नाहीं. तिकडे बंडी म्हणजे बैलगाडी.

हे घोटाळे मनोरंजक आहेत, आणि ते केवळ आपल्याकडेच होतात असें नव्हे. स्पॅनिश भाषा वीसांहून अधिक देशांत चालते. तिच्यांतील 'ग्वाग्वा' या शब्दाचा अर्थ क्यूबांत मोटारबस असा होतो आणि चिली देशांत तान्हें मूल असा होतो. क्यूबाचा तरुण चिलीच्या तरुणीला "मी ग्वाग्वा घेऊन येतों" असें म्हणाला, तर तिनें काय समजावें? परंतु अशा घोटाळ्यांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. अर्थ जुळत नाहीं हें दोघांच्याहि तत्काळ लक्षांत येतें, दोघेंहि हंसतात, आणि एक नवा शब्द पदरीं पडतो.

अधिक सावध राहावें लागतें तें व्याकरणाच्या बाबतींत. शब्द अनोळखी असला तर मनुष्य विचारतो. शब्द ओळखीचे असून अर्थ निराळा असला, तर तो विचारीत नाहीं, आपल्या मनाचा अर्थ लावून मोकळा होतो. विदर्भांत चालू क्रिया दाखविण्यासाठीं 'राहणें' हें क्रियापद वापरतात. "मी येऊन राहिलो" म्हणजे मी येत आहें. लग्नाची गोष्ट निघाली असतां ती म्हणते, "मी विचार करून राहिली." तिच्या मनांत विचार चालू आहे, एवढेंच तिला सांगावयाचें असतें. त्याला वाटतें, विचार करून झाला आणि ही आतां थांबली! आठ दिवस तो रुसतो, आणि त्याच्या रुसण्याचें कारण तिला कळत नाहीं.

तीच गोष्ट 'आम्ही' आणि 'आपण' यांची. प्रमाण मराठींत ऐकणाऱ्याला बरोबर घ्यावयाचें असेल तर 'आपण' म्हणतात, त्याला वगळावयाचें असेल तर 'आम्ही'. हिंदींत दोन्ही अर्थांना 'हम' हा एकच शब्द पुरतो. म्हणून हिंदीच्या सहवासांत वाढलेली व्यक्ति प्रेमानें म्हणून जाते, "आम्ही दिवाळीला गोंदियाला जाऊं." त्यांत त्यालाहि धरलेलें असतें; पण आपल्याला वगळलें असें त्याला वाटतें. पुन्हां, 'येजो', 'करजो' हीं विदर्भांतील आज्ञार्थी रूपें घरगुती जिव्हाळ्याचीं आहेत. नवख्याला तीं हुकमासारखीं लागतात. आजी नातीला लाडानें 'पोट्टी' म्हणते; पुण्याच्या दिवाणखान्यांत तोच शब्द असंस्कृत ठरतो. येथें शब्दांचा अर्थ बाजूला राहतो आणि बोलणाऱ्याच्या स्वभावाविषयीं निष्कर्ष काढले जातात.

आतां ध्वनींकडे वळूं, कारण खरें दुःख तेथें आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा दीर्घ अभ्यास केला. या बोलींत ण, छ, श, ष आणि ळ हीं पांच व्यंजनें नाहींत. त्यामुळें पाणी तेथें 'पानी' होतें, जवळचें 'जवर' होतें आणि डोळ्यांचे 'डोरे' होतात. वऱ्हाडांत ळ च्या जागीं य येतो आणि डोळ्याचा 'डोया' होतो. ही जिभेची चूक नव्हे, हा नियम आहे. आणि जेथें नियम आहे तेथें व्याकरण आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीसंबंधीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांतहि नागपुराकडील बोलीचीं वैशिष्ट्यें नोंदलेलीं आहेत. आपण जिला शुद्ध मराठी म्हणतों, तीहि मुळांत पुण्याकडील शिष्टांची बोलीच होती. एकोणिसाव्या शतकांत शाळा, छापखाने आणि क्रमिक पुस्तकें यांनीं तिला प्रमाणत्वाचा मान दिला. तो मान उपयुक्त आहे. पण जन्मजात नव्हे.

हें ठाऊक नसलें कीं काय होतें? तो तरुण एके दिवशीं प्रेमानेंच म्हणतो, "पानी नव्हे गं, पाणी म्हण." ती हंसून सुधारते. पुढें मित्रमंडळींत तो तिची नक्कल करतो. सारे हंसतात, तीहि हंसते. मग लग्न होतें, आणि सासूबाई पाहुण्यांसमक्ष तिचा उच्चार दुरुस्त करतात. हळूहळू ती बोलण्यापूर्वीं मनांत वाक्य जुळवून पाहूं लागते. ण आणि ळ येणारे शब्द टाळते. वाक्यें आंखूड होतात. आईचा फोन आला कीं ती दुसऱ्या खोलींत जाऊन दार लोटून घेते. आणि वर्षभरानें तोच नवरा तक्रार करतो कीं, ही पूर्वीं किती बोलत असे, आतां बोलतच नाहीं! श्रोतेहो, सांबार आणि पोपट यांचे गैरसमज एका वाक्यानें दूर होतात. हा मात्र वर्षानुवर्षें टिकतो. त्याला वाटतें, आपण एक अक्षर सुधारलें. तिला वाटतें, ज्या आईनें मला बोलावयास शिकविलें तिला यानें अडाणी ठरविलें. तिला मूल झालें, तर त्याच्याशीं ती कोणत्या भाषेंत बोलेल? बहुधा जपून बोलेल. आणि जपून बोललेल्या भाषेंत अंगाई गातां येत नाहीं.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. चूक एकाच पक्षाकडे असते असें नाहीं. पुण्याचा मनुष्य "बघूं पुढें" असें म्हणतो, तेव्हां पुष्कळदां तो सभ्यपणें नकार देत असतो. गोंदियाची मंडळी त्याला आश्वासन समजतात आणि वाट पाहत बसतात. "या एकदां घरीं" हें त्याचें निमंत्रण दिवस ठरल्याशिवाय निमंत्रण नसतें, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. घरच्या माणसानें घरच्याच माणसाचे आभार मानले, तर पुष्कळांना तो परकेपणा वाटतो. उलट आभार न मानणें कांहींजणांना उद्धटपणाचें वाटतें. 'हा मनुष्य कोरडा आहे' असें तिनें ठरविणें आणि 'ही मुलगी रांगडी आहे' असें त्यानें ठरविणें, या दोन्ही निर्णयांत सारखीच घाई आहे.

या बाबतींत गोंदियाच्याच भूमीनें एक जुना दृष्टान्त आपल्यासाठीं ठेवला आहे. आमगांवजवळचें पदमपूर म्हणजेच संस्कृत नाटककार भवभूति याचें पद्मपुर होय, असें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें. आठव्या शतकांतील या कवीचें 'मालतीमाधव' हें नाटक प्रेमकथाच आहे. त्यांत माधव संस्कृत बोलतो आणि मालती मुख्यतः प्राकृत बोलते. तो एका भाषेंत विचारतो, ती दुसऱ्या भाषेंत उत्तर देते, आणि कोणाचें कांहीं अडत नाहीं. पुरुषाला संस्कृत आणि स्त्रीला प्राकृत, या वांटणींत त्या काळची उच्चनीचता होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तरीसुद्धां एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मालतीनें आपल्याशीं संस्कृतांत बोलावें, असा हट्ट माधव धरीत नाहीं. समजून घेण्याचे कष्ट ऐकणारा घेतो. ज्याच्यावर आपलें प्रेम आहे त्याचें बोलणें समजण्याची जबाबदारी बोलणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्यावर अधिक असते, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

व्यवहारांत यासाठीं फार कांहीं करावें लागत नाहीं. कानाला खटकणारा शब्द आला तर "हें चूक आहे" असें म्हणण्याऐवजीं "तुमच्याकडे याचा अर्थ काय?" असें विचारावें. पहिलें वाक्य तोंड बंद करतें, दुसरें उघडतें. प्रमाण मराठी परीक्षेला, मुलाखतीला, कचेरीच्या लेखनाला लागते. ती शिकण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं. मात्र तिची दुरुस्ती मागितल्यावर करावी, आणि ती चारचौघांत करूं नये. जांवयानें सासुरवाडीच्या बोलींतले दहा-वीस शब्द शिकून घ्यावे; त्याचे चुकलेले उच्चार ऐकून तेथील मंडळी हंसतील, तेव्हां आपल्यावर हंसलें कीं कसें वाटतें हेंहि त्याला कळेल. भाताची कापणी आटोपली कीं पूर्व विदर्भांत झाडीपट्टीचीं नाटकें सुरू होतात आणि रात्र-रात्र चालतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. सासुरवाडीस गेल्यावर असें एखादें नाटक दोघांनीं मांडवांत बसून पाहावें. आपल्या पत्नीला एवढ्या माणसांत मोकळेपणानें हंसतांना आणि बोलतांना पाहिलें, म्हणजे ती घरीं अबोल कां झाली याचें उत्तर पुष्कळांना सांपडेल.

आणि घरांत मूल असेल तर त्याला दोन्ही बोली द्याव्या. मुलें त्यांत गोंधळत नाहींत. आजोळीं एक आणि शाळेंत दुसरी, हा भेद तीं लवकर ओळखतात. गोंधळ होतो तो एका बोलीची लाज वाटावी असें आपण वागलों म्हणजे. ज्या घरांत 'पाणी' आणि 'पानी' हे दोन्ही उच्चार कोणी हंसण्यावारी नेत नाहीं, त्या घरांत तहान लागलेल्याला पेला मागावयास संकोच वाटत नाहीं. आणि संसारांत माणसाला एकमेकांजवळ रोज कांहींना कांहीं मागावेंच लागतें.